पूर्वसंध्या की ‘लवकरच’?

३० सप्टेंबर १९५७. वॉशिंग्टनमधील अग्निबाण व उपग्रहविषयक परिषदेत सोव्हिएत प्रतिनिधी सर्गेई पोलोस्कोव यांच्या भाषणात ‘नाकानुन्ये’ हा शब्द आला: आपण पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या ‘पूर्वसंध्येला’ आहोत. रशियनमध्ये तो आदला दिवस सांगतो किंवा, आपल्या ‘उंबरठ्यावर’सारखा, नुसते ‘लवकरच’ सुचवितो. अमेरिकी श्रोते अर्थाचा खल करीत राहिले. खरी खूण शब्दात नव्हे, त्यांनीच सांगितलेल्या आकड्यांत होती: २० व ४० मेगासायकल. अमेरिकेची मागोवा घेणारी केंद्रे मात्र आधी ठरलेल्या १०८ वर बेतलेली. सोव्हिएत ‘रादिओ’ मासिकाने तर हे आकडे उन्हाळ्यातच छापले होते! ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सोव्हिएत वकिलातीत पाहुणचार चालू असतानाच, प्रक्षेपणाची वार्ता आली. केंद्रे ४० वर आणण्याची धावपळ तेव्हा कुठे सुरू झाली.