न विचारता घेतलेले दान

१९५१ च्या आरंभी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही तीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री उपचारासाठी आली. पाच मुलांची आई. गर्भाशयाच्या मुखाशी कर्करोग. रेडियमचा उपचार सुरू करण्यापूर्वी वैद्यांनी गाठीचा लहानसा तुकडा काढून डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठविला. तिला कोणी विचारले नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती, आणि डॉक्टरांनी त्या पेशी मागेल त्या संशोधकाला फुकट दिल्या, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

तोवर मानवी पेशी काचपात्रात फार काळ तगत नसत. ह्या मात्र सुमारे दिवसागणिक दुप्पट होऊ लागल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ती माउली देवाघरी गेली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘हेला’ म्हटल्या गेलेल्या पेशी आजही वाढत आहेत. पोलिओच्या लशीच्या परीक्षणात त्या कामी आल्या. ज्या विषाणूंमुळे तिचा रोग होतो, त्यांपैकी एकाचा माग हाराल्ड त्सुर हाउझेन यांना १९८० च्या दशकात ह्याच पेशींतही लागला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे डॉ. गाय यांच्याकडेच ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली.

लॅक्स कुटुंबाला मात्र १९७३ पर्यंत यातले काहीच ठाऊक नव्हते. कळले ते त्यांच्याच रक्ताचे नमुने मागण्यात आले त्या सुमारास!

शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्र पुढे आले की आमच्या भाविकांत कुजबुज होते. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर. मग त्याचा अंश परक्याच्या कपाटात का राहावा? काढलेली गाठ संशोधनास देणे ख्रिस्तसभेने कधीही निषिद्ध मानलेले नाही. मात्र सप्टेंबर १९५२ मध्ये, हेन्रिएटाच्या मृत्यूला वर्ष होत असताना, पोप बारावे पायस यांनी रोममध्ये वैद्यांना बजावले होते की रुग्णावर वैद्याचा अधिकार रुग्ण देईल तेवढाच असतो. म्हणून आम्ही सांगतो: तो कागद वाचा, विचारा, नको असल्यास नाही म्हणा. संमतीवाचून घेतलेल्याला दान म्हणता येत नाही, मग त्यातून कितीही कल्याण होवो.

क्लोव्हर गावी हेन्रिएटाच्या थडग्यावर २०१० पर्यंत नावाची शिळाही नव्हती. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने लॅक्स कुटुंबाशी करार केला आणि तिच्या पेशींतील जनुकीय माहिती कोणाला द्यावी हे पाहणाऱ्या समितीत तिच्या घरच्या माणसांना जागा मिळाली.