बंद मोटार आणि नागमोडी रेघ

वर्षानुवर्षे एका जागी उभी असलेली मोटार वरकरणी थांबलेली दिसते. आत मात्र काळ आपले काम करीतच असतो. टाकीतील पेट्रोलचे हलके अंश उडून जातात आणि उरलेल्याचा राळेसारखा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, रबर तडकते, पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला घट्ट धरून बसतात. जाणता मेकॅनिक अशा मोटारीची कळ कधीच दाबून पाहत नाही. तो प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतो, दोन-चार दिवस वाट पाहतो आणि मग हाताने इंजिन सावकाश फिरवून पाहतो. घाई केली तर अडकलेल्या कड्या तुटतात. जीर्ण पोथीची चिकटलेली पाने सोडविणाऱ्याला हा संयम अनोळखी वाटू नये.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले ते कोलकात्याच्या नेताजी भवनातील एका मोटारीचे. वाँडरर डब्ल्यू २४, क्रमांक बीएलए ७१६९. १६ जानेवारी १९४१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर एल्गिन रोडवरील घरातून सुभाषचंद्र बोस याच मोटारीतून बाहेर पडले. ते घरीच नजरकैदेत होते, बाहेर पोलिसांची पाळत होती. वेष महंमद झियाउद्दीन नावाच्या विमा कंपनीच्या अधिकाऱ्याचा. चालक वीस वर्षांचा पुतण्या, वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी शिशिरकुमार. घरात थोरली, दिमाखदार स्टुडबेकरही होती. पण ती शरत्‌बाबूंची म्हणून सहज ओळखू आली असती. म्हणून लहान वाँडररची निवड झाली. दुसरा दिवस धनबादजवळच्या बरारी येथे, शिशिरच्या थोरल्या भावाच्या घरी, अनोळखी पाहुणा म्हणून काढून त्या रात्री गोमो स्थानकावर सुभाषबाबूंनी कालका मेल पकडली. पुढे पेशावर, काबूल आणि एप्रिलमध्ये बर्लिन.

ज्या देशात ते पोहोचले, तिथलीच ही मोटार. १९३२ मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्श आणि वाँडरर या चार कंपन्या एकत्र आल्या. ऑडीच्या चिन्हातील चार कडी ती हीच. महायुद्धाच्या काळात वाँडररच्या प्रवासी मोटारींचे उत्पादन थांबले ते कायमचेच. म्हणजे बंद पडलेल्या वाँडररचे सुटे भाग मागावेत तर ज्या नावाने मागायचे ते नावच बाजारातून उठून गेलेले.

ही मोटार अनेक दशके दर्शनाची वस्तू म्हणून उभी होती. पुढे तिचे पुनरुज्जीवन झाले आणि १८ जानेवारी २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ती पुन्हा लोकांसमोर आली. तिला १९४१ सालचे रूप देण्यात आले. माझी शंका या शेवटच्या वाक्याविषयी आहे.

१९४१ नंतरही ही मोटार जगली होती. ती घरात वापरली गेली, झिजली, मग स्तब्ध राहिली. ती झीजही पुरावाच होती. एका विशिष्ट रात्रीचे रूप तिला परत देणे म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांना प्रक्षेप ठरवून संहितेतून वगळणे. पाठचिकित्सा शिकणाऱ्यांनी हा पेच पाहिलेला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या १९३३ मधील प्रस्तावनेत मूळ व्यासकृत संहिता हाती लागल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जाता येईल तितके मागे जाणे, एवढीच प्रतिज्ञा केली. वगळलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत राखले. आणि जिथे स्वीकारलेला पाठ निश्चित नव्हता, तिथे त्याखाली एक नागमोडी रेघ काढली. माझ्या लेखी त्या सबंध प्रचंड प्रकल्पातील सर्वांत प्रामाणिक खूण ती रेघच होय.

रंगवून चकचकीत केलेल्या मोटारीत वरची संहिता तेवढी दिसते. तळटीप दिसत नाही. नवा पत्रा कुठला, जुना कुठला, हे पाहणाऱ्याला कळत नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१३ मध्ये अंतिम केलेल्या ट्यूरिन सनदेत याचा विचार आढळतो: बदललेल्या भागांवर टिकाऊ, ओळखू येईल अशी खूण करावी. ही नागमोडी रेघच झाली, फक्त पोलादावरची.

मग मोटार आहे तशीच धूळ खात राहू द्यायची काय? मला तसे वाटत नाही. तलवार म्यानात राहिली तरी तलवारच असते. पण या मोटारीचे सारे महत्त्व ती त्या रात्री चालली, वाटेत बंद पडली नाही, यात आहे. काचेआडच्या मोटारीत हेच नेमके दिसत नाही. तिचा आवाज केवढा होता? अरुंद फाटकातून बाहेर पडताना तो किती दूर जात असेल? निजलेल्या गल्लीत तो ऐकू जाणे म्हणजे पकडले जाणे होते. या प्रश्नांची उत्तरे चालत्या इंजिनाजवळच मिळतील, मग त्यातले चार भाग नवे का असेनात.

शिशिरबाबूंनी या प्रवासावर लिहिलेल्या बंगाली पुस्तकाचे नाव ‘महानिष्क्रमण’. ते अर्थातच सिद्धार्थाच्या गृहत्यागाकडे बोट दाखविते. तिथेही वेळ रात्रीचीच होती आणि घोड्याच्या टापांचा आवाज हीच अडचण होती. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त यक्ष पुढे होऊन कंथकाचे खूर आपल्या हातांवर झेलतात, म्हणून कपिलवस्तू जागी होत नाही. एल्गिन रोडवर यक्ष नव्हते. चार सिलिंडरांचे ते इंजिन सुरू करायचे होते, आणि ते पहिल्या प्रयत्नात सुरू व्हायला हवे होते.