जाता जाता...

परवा कपाट आवरताना एक जुनं पाकीट सापडलं. आत दोन सर्टिफिकेटं. दोन्ही आमच्या सान फ्रान्सिस्कोतल्या जुन्या घराची. एक १९९६ चं, आम्ही ते घर घेतलं तेव्हाचं. दुसरं २०१३ चं, विकलं तेव्हाचं. मजकूर दोन्हींवर साधारण तोच : या घराने पाणी आणि ऊर्जा वाचवण्याच्या शहराच्या अटी पूर्ण केल्या आहेत. पहिलं आमच्या आधीच्या मालकीणबाईंनी मिळवलेलं. दुसरं मिळवताना मी पहिल्या फेरीत सपशेल नापास झालो होतो!

तर झालं असं. आमचं घर सनसेट भागातलं, समुद्राजवळ, १९३८ साली बांधलेलं. खाली गॅरेज, वर राहायचं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. वर्षातले निम्मे दिवस धुकं. विकायचं ठरल्यावर एजंटबाई म्हणाल्या, "आधी पाण्याचं आणि ऊर्जेचं सर्टिफिकेट घ्या, त्याशिवाय व्यवहार पुरा होणार नाही." मला वाटलं, एक फॉर्म भरायचा असेल.

फॉर्म नव्हता, इन्स्पेक्टर होता. त्याने माळ्यावर चढून इन्सुलेशन बघितलं. पाणी तापवायच्या टाकीला आणि गरम पाण्याच्या पाइपांना गुंडाळलेलं पांघरूण चाचपलं. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराच्या फटीवर हात फिरवला. मग बाथरूममध्ये जाऊन कमोडचं झाकण वर केलं, बैठकीच्या मागे छापलेला आकडा वाचला आणि मान हलवली. शेवटी शॉवरखाली खुणा केलेलं भांडं धरलं आणि घड्याळात बघून काही सेकंद मोजले. मिनिटाला जवळजवळ चार गॅलन. मर्यादा अडीच गॅलनची.

"हा शॉवर तर पाणी वाचवणाराच आहे," तो म्हणाला, "पण आतली चकती कोणीतरी काढलेली दिसतेय."

कोणीतरी म्हणजे मीच. १९९६ मध्ये राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात. शॉवरची धार बारीक वाटली म्हणून पाना घेऊन तो उघडला, मानेतली बारीक भोकाची प्लॅस्टिकची चकती उपसून काढली आणि मस्त धार आली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या चकतीसाठी आधीच्या बाईंनी पैसे मोजले होते, इन्स्पेक्टर आणला होता, सर्टिफिकेट घेतलं होतं. आणि घर सोडून त्या निघून गेल्या होत्या. त्या चकतीचा त्यांना स्वतःला एका पैचा फायदा नव्हता.

नापास झाल्यावर आधी राग आला. ज्या घरात मी उद्या राहणार नाही, तिथलं पाणी वाचवण्यासाठी खर्च मी का करायचा? मग रागापोटीच शोधायला बसलो की ही भानगड सुरू कोणी केली. आणि वाचता वाचता राग कुठे गेला ते कळलंच नाही.

गोष्ट सुरू होते ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं तिथून. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्याच नोव्हेंबरात बर्कलीच्या प्रयोगशाळेत आर्थर रोझेनफेल्ड नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक शुक्रवारी रात्री घरी निघाले होते. एन्रिको फर्मींचे विद्यार्थी, मूलकणांवर संशोधन करणारे गृहस्थ. त्यांच्या मजल्यावरच्या वीसेक खोल्यांत दिवे तसेच जळत होते. ते बंद करायला गेले, तर कितीतरी बटणं सापडेचनात. कुठे बटणापुढे फायलींचं कपाट, कुठे पुस्तकांची मांडणी, कुठे वर पोस्टर चिकटवलेलं. म्हणजे ते दिवे कोणी कधी बंद करतच नव्हतं. रोझेनफेल्डनी पुढे मूलकण सोडले आणि उरलेलं आयुष्य वीज वाचवण्याच्या विज्ञानाला दिलं.

१९७४ साली कॅलिफोर्नियाने ऊर्जा आयोग स्थापन करणारा कायदा केला. सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगननी, हे वाचून मीही चमकलो होतो! त्यातून १९७८ मध्ये नव्या इमारतींसाठी ऊर्जेचे नियम आले. माळ्यावर इन्सुलेशन हवं, फटी बुजवलेल्या हव्यात, वगैरे.

पण नवी घरं ती किती? सान फ्रान्सिस्कोसारख्या शहरात जवळजवळ सगळी घरं आधीच उभी होती. त्यांना नवा नियम लागू नाही, कारण ती त्यांच्या काळच्या नियमाने बांधलेली. सगळ्या मालकांना एकदम "माळे भरा, नळ बदला" असं सांगायचं, तर कोणता नगरसेवक पुन्हा निवडून येईल?

त्यावर जी युक्ती निघाली ती मला फार आवडते. घराला हात लावायचा, पण ते हात बदलतं तेव्हा. विक्रीच्या वेळी विकणाऱ्याच्या हातात पैसे येणार असतात. कागद होणारच असतात. कोणी ना कोणी इन्स्पेक्टर येऊन जाणारच असतो. सामान हललेलं असतं. काही शे डॉलरचा खर्च लाखांच्या व्यवहारात सहज बुडून जातो. डायान फाइनस्टाइन महापौर असताना, १९८२ साली सान फ्रान्सिस्कोने तसा कायदा केला. लागू कोणाला? ज्या घरांचे परवाने जुलै १९७८ च्या आधीचे, त्यांना. म्हणजे बरोबर तीच घरं, जी राज्याच्या नियमातून सुटली होती. खाडीपलीकडच्या बर्कलीनेही त्याच दशकात असाच नियम आणला आणि खर्चाला विक्रीच्या किमतीच्या पाऊण टक्क्याची मर्यादा घातली.

ही झाली ऊर्जा. पाण्याचं काय?

सान फ्रान्सिस्कोचं बहुतेक पाणी येतं सिएरा पर्वतातल्या हेच हेची धरणातून, सुमारे २७० किलोमीटरवरून, सगळं उताराने वाहत. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातली ती एक अख्खी दरी आहे. ती बुडवू नये म्हणून जॉन म्यूर वर्षानुवर्षं भांडला. १९१३ च्या डिसेंबरात काँग्रेसने परवानगी दिली, आणि पुढच्याच डिसेंबरात म्यूर गेला. धरण १९२३ मध्ये झालं, पाणी शहरात पोचलं १९३४ मध्ये. (आपल्याकडे मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट उभे होते तो काळ हाच, १९२० च्या दशकाची सुरुवात. दऱ्या वेगळ्या, गोष्ट तीच.) आणि एवढ्या लांबून आणलेल्या त्या पिण्याच्या पाण्याचं आम्ही काय करत होतो, तर फ्लश!

१९७६-७७ चा दुष्काळ मोठा धडा देऊन गेला. उत्तरेच्या मरिन परगण्यात तलाव इतके आटले की १९७७ मध्ये रिचमंड-सान राफेल पुलावरून तात्पुरती पाइपलाइन टाकून पाणी न्यावं लागलं. लोक कमोडच्या टाकीत विटा ठेवत, म्हणजे विटेएवढं पाणी कमी भरतं. मग १९८७ पासून पुन्हा सलग कोरडी वर्षं आली. त्या दुष्काळाच्या पाचव्या वर्षी, १९९१ मध्ये, सान फ्रान्सिस्कोने ऊर्जेसारखाच पाण्याचाही नियम केला : घर विकायचं तर नळ, शॉवर, कमोड तपासून घ्या. लॉस एंजेलिसमध्ये १९९९ पासून तेच सुरू झालं.

जुनं कमोड एका फ्लशला पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर पाणी घ्यायचं. मग साडेतीन गॅलनची आली, १३ लिटरची. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने जानेवारी १९९४ पासून घरगुती कमोडना १.६ गॅलनची, म्हणजे ६ लिटरची मर्यादा घातली. पहिली काही मॉडेलं इतकी कुचकामी होती की लोक दोनदा फ्लश करत आणि कायद्याला शिव्या घालत. १९९९ मध्ये मिशिगनच्या एका खासदाराने हा नियमच रद्द करायचं विधेयक आणलं, ते बारगळलं. पुढे २००३ पासून कमोडची रीतसर परीक्षा सुरू झाली, चक्क सोयाबीनच्या पेस्टचे लांबट गोळे टाकून! त्या परीक्षेने कारखानदारांना बरोबर सुतासारखं सरळ केलं. २००९ मध्ये सान फ्रान्सिस्कोने आपला नियम कडक केला : १.६ गॅलनहून जास्त पाणी घेणारं कमोड असेल तर विकताना बदलायचं. आमची दोन्ही साडेतीनवाली होती.

आता आईबद्दल. आमच्या नातेवाइकांना ही गोष्ट ठाऊक आहे, पण इथे लिहायलाच हवी. १९९८ मध्ये आई आमच्याकडे आली होती. तिचं सगळं आयुष्य बार्शीत गेलं. १९७२ चा दुष्काळ तिने घागरी मोजून काढला. पहिल्याच दिवशी ती बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, ह्या एका ओढीत पाणी किती जातं रे?" मी म्हटलं, "तेरा लिटर." ती म्हणाली, "म्हणजे बादलीभर! आणि ते पिण्याचं?" मग तिने अंघोळीसाठी बादली मागितली. आमच्या घरात बादली नव्हती, विकत आणली. "इथे नको गं आई, शॉवर घे ना," असं मी तिला सांगत होतो. कोणता शॉवर, तर ज्याची चकती मी काढून टाकली होती तो.

२०१३ च्या मे महिन्यात इन्स्पेक्टर मला नापास करून गेला, तेव्हा आई पुण्याला ताईकडे होती. फोनवर ती बार्शीकडच्या टँकरबद्दलच बोलत होती. त्या उन्हाळ्यात सोलापूर, उस्मानाबाद, जालन्याकडे काय परिस्थिती होती ते तुम्हाला आठवत असेल. फोन ठेवल्यावर मी हिशोब मांडला. मिनिटाला दीड गॅलन जास्त, माणशी आठ मिनिटं, तीन माणसं, सतरा वर्षं. उत्तर आलं साडेआठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंच्याऐंशी टँकर. एका चकतीचे.

सान फ्रान्सिस्कोत वाचलेलं पाणी बार्शीला पोचत नाही, हे मला कळतं. पण आकडा कागदावर उतरला की तो काही उठत नाही.

दोन दिवसांनी प्लंबर आला. दोन नवी कमोडं, दाराला फोमची पट्टी. शॉवर मीच बदलला. दुसऱ्या फेरीत पास.

हा कायदा आदर्श आहे असं मात्र नाही. त्याचा वेग घरविक्रीच्या वेगाएवढाच. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घराचा कर घेतलेल्या किमतीला बांधलेला असतो, विक्री झाली की नव्याने ठरतो. त्यामुळे जुने मालक घर सोडायला तयार नसतात. चाळीस चाळीस वर्षं विकलीच न गेलेली घरं आमच्या गल्लीतही होती, आणि तिथे इन्स्पेक्टर कधी फिरकलाच नाही. घरविक्रीच्या एजंटांना व्यवहारात अडकणारी अशी पाचर कधी फारशी आवडली नाही. म्हणून काही शहरांनी "दुरुस्ती करा" ऐवजी "निदान सांगा तरी" असा मार्ग धरला. टेक्सासच्या ऑस्टिनने २००९ पासून विक्रीआधी फक्त ऊर्जा-तपासणी सक्तीची केली. बर्कलीनेही २०१५ मध्ये जुना नियम काढून तपासणी आणि अहवालावर भर देणारा नवा नियम केला. आणि राज्याने २००९ च्या कायद्याने विक्रीची वाट बघणंच सोडलं : १९९४ पूर्वीच्या स्वतंत्र घरांतले जुने नळ आणि कमोड २०१७ च्या १ जानेवारीपर्यंत बदला, आणि विकताना खरं काय ते लिहून द्या.

तरी शहराचा पाण्याचा वापर खाली आला तो आलाच. सान फ्रान्सिस्कोत घरगुती वापर आता माणशी दिवसाला ४५ गॅलनच्या आत असतो, म्हणजे १७० लिटर. त्यातला काही वाटा धुक्याचा आणि छोट्या अंगणांचा आहे, सगळं श्रेय कमोडला देता येणार नाही. आपल्याकडे शहरी योजनांत माणशी १३५ लिटर धरतात. पूर्वी ही तुलना कोणी मनातही आणली नसती.

पण मला राहून राहून आठवतात त्या आधीच्या बाई. मी त्यांना एकदाच भेटलो, किल्ल्या घेताना. म्हाताऱ्या होत्या, मुलीकडे राहायला चालल्या होत्या. पाणी तापवायच्या टाकीला त्यांनी गुंडाळलेलं पांघरूण २०१३ मध्येही जागच्या जागी होतं, इन्स्पेक्टरने तेवढं एक पास केलं. सतरा वर्षं त्या पांघरुणाने माझा गॅस वाचवला आणि मी त्यांना एकदा मनातल्या मनातही थँक्यू म्हटलं नव्हतं. आई बार्शीचं घर बंद करून पुण्याला निघाली, तेव्हा भाडेकरू यायचे म्हणून माठ धुऊन, भरून, वर झाकण ठेवून निघाली होती. तिला कोणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. माझ्यासारख्यांना मागावं लागतं, म्हणून तर कायदा!

सर्टिफिकेटं पुन्हा पाकिटात घालून ठेवली आहेत. नव्या मालकांनी ती चकती काढली असेल का, हा विचार मात्र अधूनमधून येतो. तरुण नवरा-बायको होते, आणि किल्ल्या देताना मी बघितलं, मुलाच्या हातात नवी कोरी टूलकिट होती...