बाजरीची आईकडची बाजू

नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डी-शेवगावच्या हलक्या जमिनीत बाजरीवर माणूसही जगलं आणि जनावरही. दाणा भाकरीला, सरमाड गुरांना. माझं माहेर याच पट्ट्यातलं. बियाणं विकत आणायचं असतं हे आमच्या घराला १९६५पर्यंत ठाऊक नव्हतं. काढणीच्या आधी आई वावरात फिरायची, भरगच्च, दाट दाण्यांची कणसं निवडून वेगळी खुडायची, वेगळी मळायची आणि राख चोळून ते बी मडक्यात भरायची. मृगाचा पाऊस झाला की तेच बी पाभरीत. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, तेव्हा उमगलं की ही रीत मोडली ती पेशीद्रव्यातल्या एका गुणामुळे.

शाळेच्या पुस्तकात पेशीची आकृती असते. मधोमध केंद्रक, आणि त्याच्या भोवतीची मोकळी जागा म्हणजे पेशीद्रव्य. मुलं ती जागा नुसती रंगवून टाकतात. खरं तर पेशीचा संसार तिथेच चालतो. साखरेचं विघटन तिथे सुरू होतं, प्रथिनं तिथे घडतात, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका तिथेच असतात. या तंतुकणिकांना आणि हिरव्या पानांतल्या हरितलवकांना स्वतःचा डीएनए असतो, आणि बहुतेक वनस्पतींत तो फक्त आईकडून, म्हणजे बीजांडातून, पुढे जातो.

हे प्रथम उलगडलं ते आपल्या अंगणातल्या गुलबक्षीवर. १९०९ साली जर्मनीत कार्ल कॉरेन्स यांनी हिरव्या, पांढऱ्या आणि ठिपकेदार पानांच्या फांद्यांवरच्या फुलांचा संकर केला. परागकण कुठल्याही फांदीचे घेतले तरी रोपांची पानं आईच्या फांदीवर जात. आनुवंशिकतेचा एक धागा केंद्रकाबाहेरून जातो, याचा हा आरंभीचा पुरावा होता.

बाजरीत हाच धागा कामी आला. संकरित वाणाला जोम असतो, पण संकर करायचा कसा? एका कणसावर शेकडो बारीक फुलं, प्रत्येकात नर आणि मादी दोन्ही भाग. हातानं पुंकेसर काढणं अशक्य. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांना अशी बाजरी मिळाली, जिच्या पेशीद्रव्यातल्या दोषामुळे परागकणच तयार होत नाहीत. बीजांड मात्र धडधाकट. ते वाण म्हणजे टिफ्ट २३ए. १९६२च्या सुमारास ते भारतात आलं आणि लुधियानाला शास्त्रज्ञ अठवाल यांनी त्यावरून १९६५ साली एचबी-१ हा पहिला संकरित वाण दिला. मादीच्या ओळींशेजारी नराच्या ओळी पेरायच्या. मादीवर धरलेलं सगळं बी आपोआप संकरित. नराच्या केंद्रकातलं जनुक परागशक्ती परत आणतं, म्हणून शेतकऱ्याच्या वावरात दाणा भरतो.

‘हायब्रीड’ बाजरी आमच्याकडे आली आणि पिकली. देशाचं बाजरीचं उत्पादन १९७०-७१ साली ८० लाख टनांवर गेलं. पण संकरित पिकाचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर गुण फाटतात, म्हणून दरसाल पिशवी विकत आणणं आलं. आईचं मडकं रिकामं झालं ते तेव्हा.

मग गोसावी रोग आला. कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांच्या जटा. १९७१पासून हे संकरित वाण एकामागून एक बळी पडले. वर १९७२चा दुष्काळ. १९७४-७५ साली उत्पादन ३३ लाख टनांपर्यंत उतरलं. बाजरीवर रोग आला त्याच्या आधीच्याच वर्षी, १९७० साली, अमेरिकेत मक्याचं असंच झालं होतं. तिथले बहुतेक संकरित मके टेक्सास नावाच्या एकाच पेशीद्रव्यावर उभे होते, आणि ते पेशीद्रव्यच करप्याला बळी पडणारं निघालं. बाजरीत दोष केंद्रकाकडचा होता, पेशीद्रव्याचा नव्हे. म्हणून उपाय सापडला. टिफ्टच्याच कुळातल्या बियांवर गॅमा किरण सोडून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत ८१ए हे रोगाला दाद न देणारं मादी वाण घडलं. पेशीद्रव्य जुनंच, केंद्रक बदललेलं.

आमच्या जिल्ह्यात राहुरीला १९६८ साली कृषी विद्यापीठ झालं. तिथल्या संकरित बाजऱ्यांना श्रद्धा आणि सबुरी ही शिर्डीची नावं मिळाली, आणि कोरडवाहू शेतकऱ्यानं त्या मनापासून पेरल्या. या कामाबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: भारतातल्या बहुतेक सगळ्या संकरित बाजरीत आजही टिफ्टनहून आलेलं तेच पेशीद्रव्य आहे. लाखो एकरांची आई एकच. मक्याचा धडा समोर असताना हे सुरक्षित नाही.

आणि पर्याय आपल्या मातीत असू शकतात. ज्वारीचंच पाहा. जामखेड-कर्जतला रब्बीत पेरली जाते ती मालदांडी ज्वारी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळची निवड. तिच्यात नरवंध्यत्व देणारं वेगळंच पेशीद्रव्य सापडलं, आणि आज ते जगभरच्या ज्वारी-शास्त्रात मालदांडी याच नावानं ओळखलं जातं. गावठी वाणात काय दडलेलं असतं ते असं. असे वाण जपायला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजबँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. केंद्रकातली जनुकं परागातूनही मिळू शकतात, पेशीद्रव्य मात्र बियाण्याच्या आईकडूनच येतं. वाण गेलं की ते कायमचं गेलं.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या घरी, आजोळी, एखाद्या वाडीवर जुनी गावठी बाजरी अजून असेल, तर मूठभर बी बीजबँकेत द्या, आणि निदान एक तास दरवर्षी स्वतः पेरत राहा. तुम्ही शिक्षक असाल तर पेशीची आकृती शिकवताना केंद्रकावर थांबू नका. त्याच्या भोवतीच्या जागेनं आपल्या जिल्ह्याची भाकरी बदलली, हेही मुलांना सांगा.