हॅचबॅक ते आलिशान सेडान : गाडीबदलाचा सामाजिक व आर्थिक इतिहास (पारोळ्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

चपळ, वेगवान हॅचबॅक गाडी देऊन तिच्या जागी आलिशान सेडान घेणे, हा व्यवहार वरवर पाहता खासगी आवडीनिवडीचा वाटतो. वय वाढले, कुटुंब वाढले, उत्पन्न वाढले म्हणून गाडी बदलली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते चुकीचे नाही; मात्र ते अपुरे आहे. कोणती गाडी लहान आणि कोणती मोठी, हे बऱ्याच अंशी करविषयक कायद्याने ठरविले आहे. बदल कोणाला परवडेल, हे पतपुरवठ्याच्या धोरणाने ठरविले आहे. शिवाय या व्यवहारात दिसतात त्या दोनच गाड्या नसतात. सोडून दिलेली गाडी पुढे दुसऱ्याच्या दारात जाते आणि तिथे तिचा निराळा इतिहास सुरू होतो. तालुक्याच्या गावी मोटारीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या दुसऱ्या दाराचा विचार टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील मोटार उद्योगाच्या आधारे आणि पारोळ्याच्या संदर्भात या प्रक्रियेचा आढावा घेण्यात आला आहे.

१. पारोळा : रस्त्यावरचे गाव

जळगाव जिल्ह्यातील पारोळा हे बोरी नदीच्या खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण होय. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये येथे भुईकोट किल्ला बांधला आणि लहानशा वस्तीचे रूपांतर तटबंदीच्या बाजारपेठेत झाले. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ मध्ये, इंग्रज सरकारने ही जहागीर जप्त केली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्या माहेरच्या तांबे घराण्याशी या गावाचे नाव जोडले जाते.

दळणवळणाच्या दृष्टीने पारोळ्याचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. शेजारच्या अमळनेरला तापी खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग लाभला. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला. पारोळ्याला रेल्वे आली नाही. गावाची सारी भिस्त रस्त्यावर राहिली. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ चा भाग होता. २०१० च्या फेरक्रमांकनात तो क्रमांक ५३ झाला. हजिरा ते कोलकाता या वाटेवरील वाहतूक गावाजवळून जात असल्याने येथील माणसाला नवनवी वाहने पाहावयास मिळत. ती स्वतःच्या दारात येण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

वाहनाची अदलाबदल ही कल्पना मात्र खानदेशाला नवी नाही. बैलबाजारात जुनी जोडी देऊन, वर पैसे टाकून, नवी जोडी घेण्याची रीत जुनीच आहे. दौडीसाठी हलका छकडा आणि घरच्या बायकामुलांना घेऊन सोयऱ्याधायऱ्यांकडे जाण्यासाठी आच्छादलेली दमणी, असा वाहनांतील भेदही परिचित होता. छकड्यात वेगाला महत्त्व होते, तर दमणीत प्रवासाच्या सोयीला आणि घराण्याच्या इभ्रतीला. मोटारीच्या काळात हाच भेद नव्या रूपात अवतरला.

२. टंचाईचा काळ

मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ला येथील तिच्या कारखान्यात पुढे फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासूनची ‘फियाट ११०० डिलाईट’ ही गाडी १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर तयार होत होती. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते आणि नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा परिस्थितीत हातात असलेली जुनी गाडी कधी कधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहूनही महाग विकली जाई.

या काळाची एक गोष्ट आज सहसा ध्यानात घेतली जात नाही. फियाट काय किंवा अँबॅसडर काय, दोन्ही गाड्या मागे स्वतंत्र डिकी असलेल्या, म्हणजेच रचनेने सेडान होत्या. सामान्य गाडी म्हटली की ती डिकीची असेच समीकरण होते. त्यामुळे डिकी हे वैभवाचे लक्षण नव्हते. गाडी असणे हेच वैभवाचे लक्षण होते. बदलून घेण्याजोगे काही उपलब्धच नसल्याने गाडीबदल ही कल्पना या काळात रुजू शकली नाही.

३. हॅचबॅकचे आगमन

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली आणि चित्र पालटले. ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाची ही छोटी गाडी डिकीविना होती. प्रथमच मध्यमवर्गीय नोकरदार, डॉक्टर, व्यापारी आणि बागायतदार यांच्या आवाक्यात चारचाकी आली. १९९० मध्ये त्याच कंपनीने मारुती १००० ही सेडान आणली आणि ‘८०० देऊन १०००’ अशी चढण भारतीय बाजारात निर्माण झाली. पूर्वी सर्वसाधारण असलेली डिकी आता वरची पायरी ठरली. हा उलटफेर सात वर्षांत घडून आला.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर या चढणीला आणखी पायऱ्या जोडल्या गेल्या. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीने पुण्यात पाऊल ठेवले. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली आणि २००२ मध्ये तिच्याच बांधणीवर आधारित इंडिगो ही सेडान निघाली. २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला. २००७ पासून तेथेच औडी गाड्यांची जुळणी होऊ लागली. २००९ मध्ये चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना कार्यान्वित झाला. अशा रीतीने हॅचबॅकपासून आलिशान सेडानपर्यंतची जवळजवळ संपूर्ण शिडी महाराष्ट्राच्याच भूमीवर तयार होऊ लागली.

४. वेगवान हॅचबॅक आणि चार मीटरची रेघ

युरोपात ‘हॉट हॅच’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांना फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने लोकप्रियता मिळवून दिली. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मांडलेली ही गाडी १९७६ मध्ये विक्रीस आली. साध्या घरगुती हॅचबॅकमध्ये १.६ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन बसविण्याची ती कल्पना होती. भारतात या जातकुळीची गाडी म्हणून फियाटच्या पालिओचा उल्लेख करावा लागतो. प्रीमियरच्या जुन्या कुर्ला कारखान्यातून बाहेर पडलेल्या पालिओच्या १.६ लिटर आवृत्तीची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती.

या प्रकारच्या गाडीची वाट रोखली ती करविषयक तरतुदीने. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. त्यासाठी छोट्या गाडीची व्याख्या करण्यात आली : लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत. या व्याख्येचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, लांबीने लहान पण इंजिनाने मोठी असलेली वेगवान हॅचबॅक कराच्या हिशेबात सेडानच्या रांगेत जाऊन बसली. छोट्या गाडीचे गैरसोयीचे आसन आणि मोठ्या गाडीचा कर, असा दुहेरी तोटा तिच्या वाट्याला आला. दुसरा परिणाम असा की, सेडान आखडून चार मीटरच्या आत बसविण्यात आली. २००८ मधील इंडिगो सीएस हे त्याचे पहिले ठळक उदाहरण होय. मूळची लांब असलेली स्विफ्ट डिझायर २०१२ मध्ये त्याच कारणाने तोकडी करण्यात आली.

चाकणमधून निघणाऱ्या पोलो गाडीतही ही रेघ दिसते. तिचे १.६ लिटर पेट्रोल इंजिन फार काळ टिकले नाही. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआय या वेगवान आवृत्तीत ११९७ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. १२०० ला तीन कमी, हा आकडा बोलका आहे. उलट २०१६ मध्ये केवळ ९९ संख्येने आयात केलेल्या, १.८ लिटर इंजिनाच्या पोलो जीटीआयची किंमत जवळपास २६ लाख रुपये ठेवण्यात आली. त्या रकमेत औडीची प्रवेशस्तरावरील सेडान मिळू शकत होती. वेगाची हौस आणि सेडानची प्रतिष्ठा यांत निवड करावयाची झाल्यास बहुतेक ग्राहक कोठे वळणार, हे त्यावरून स्पष्ट होते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतरही ही रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के व इतर गाड्यांवर ४० टक्के असा दर झाला. उपकर रद्द होऊन मोठ्या गाड्यांवरील एकूण भार काहीसा घटला असला, तरी छोटी व मोठी यांची विभागणी तीच आहे.

५. पतपुरवठा आणि प्रतिष्ठा

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील खरेदीदारांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. या व्यवहाराची एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये, म्हणजे प्रतिगाडी सरासरी ४३ लाख रुपये होती. लहान शहरांच्या आत्मविश्वासाचे प्रतीक म्हणून या घटनेचे कौतुक झाले. मात्र पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये ‘द हिंदू’ या दैनिकात तिची दुसरी बाजू मांडली. आलिशान गाड्यांसाठी ७ टक्के व्याजाने कर्ज मिळत असताना त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी अधिक दराने, १२ टक्क्यांच्या आसपास, व्याज आकारले जात होते, हे त्यांनी दाखवून दिले.

खानदेशाच्या दृष्टीने ही तुलना महत्त्वाची आहे. येथील समृद्धीचे मार्ग समान नाहीत. १९४५ मध्ये अमळनेर येथे सुरू झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या वनस्पती तुपाच्या कंपनीचीच पुढे विप्रो झाली. तिचे समभाग पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या अमळनेरच्या अनेक कुटुंबांना त्यातून मोठी संपत्ती लाभली. रावेर-यावल पट्ट्यातील केळी बागायतदाराची स्थिती निराळी आणि पारोळा तालुक्यातील कोरडवाहू कापूस उत्पादकाची त्याहून निराळी. कापूस बाजारात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. नवे वाहन दारी आणून पूजण्याचा मुहूर्तही दसऱ्याचाच. परंतु पावसावर आणि भावावर अवलंबून असलेल्या उत्पन्नाला दरमहाचा हप्ता जुळत नाही. वाहनाची पायरी चढणे हे केवळ एकूण उत्पन्नावर नव्हे, तर उत्पन्नाच्या नियमितपणावर अवलंबून असते.

६. सोडलेली गाडी

शोरूममध्ये हॅचबॅक जमा करून, तिची किंमत वळती करून सेडान घेण्याची पद्धत संघटित स्वरूपात रुजली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी. मारुतीची ‘ट्रू व्हॅल्यू’ ही जुन्या गाड्यांची साखळी २००१ मध्ये सुरू झाली. शहरात सोडलेली हॅचबॅक अशा साखळीतून किंवा दलालामार्फत लहान गावात येते. तेथे ती शिक्षकाची, दुकानदाराची किंवा भाड्याने गाडी चालविणाऱ्या तरुणाची पहिली चारचाकी ठरते.

या टप्प्यावर खरा प्रश्न नाव लावण्याचा असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. कर्जाचा बोजा असल्यास तो नमुना ३५ ने उतरवावा लागतो. व्यवहारात मात्र कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी दोन-तीन हातांतून फिरत राहते. याचे परिणाम सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात दिसतात. २००७ मध्ये विकलेली एक गाडी अनेक हातांतून गेली, मे २००९ मध्ये तिचा अपघात झाला. परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे होती. भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्याला, गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत, मालक मानण्याची तरतूद केली आहे. या तरतुदीमुळे जुनी उणीव काही अंशी भरून निघाली. तथापि अधिकृत नोंदणी नसलेल्या दलालामार्फत होणारे व्यवहार तिच्या बाहेरच राहतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. डिकीची गाडी ही मुळात सर्वसाधारण गाडी होती. हॅचबॅकच्या आगमनानंतर ती प्रतिष्ठेची खूण बनली. वेगवान हॅचबॅक भारतात अल्पसंख्य राहिली, याचे एक प्रमुख कारण २००६ ची करविषयक व्याख्या हे होय. आलिशान सेडानचा प्रसार उत्पन्नाइतकाच स्वस्त कर्जावरही विसंबून राहिला आणि ते कर्ज सर्वांना सारख्या अटींवर मिळाले नाही. शेवटी, एका घरातील गाडीबदल हा दुसऱ्या घरातील गाडीप्रवेश असतो. पारोळ्यासारख्या गावाचा मोटार-इतिहास नव्या गाड्यांच्या विक्रीच्या आकड्यांत पूर्णपणे सापडणार नाही. नोंदणी पुस्तकावरील मालकांची बदलत गेलेली नावे हे त्याचे महत्त्वाचे साधन आहे. जिल्ह्याच्या वाहन नोंदणी दप्तराचा या दृष्टीने अभ्यास झाल्यास खानदेशातील मध्यमवर्गाच्या जडणघडणीवर नवा प्रकाश पडू शकेल.