विस्मृत ग्रंथ आणि त्यांचे राखणदार

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत कर्तबगार पूर्वजांची चरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे व देणगीदारांची यादी दरवर्षी छापून येते. ते योग्यच आहे. जे घर आपल्या माणसांची आठवण ठेवीत नाही, त्या घराला पुढची पिढीही विसरते. परंतु माणसांप्रमाणेच ग्रंथांचीही आठवण ठेवावी लागते, ही गोष्ट आपल्या ध्यानी फारशी येत नाही. संपादक मंडळाने इतिहासविषयक लेख लिहिण्याची आज्ञा केली तेव्हा म्हणूनच मी हा विषय निवडला. मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना अक्षरे गिरवायला लावण्यात ज्याची हयात गेली, असा एक निवृत्त शिक्षक आहे. तरी वाचनाच्या नादाने जे हाती लागले, ते यथामति वाचकांपुढे ठेवीत आहे.

चांगला ग्रंथ कधी लोपत नाही, जे लोपले ते तेवढ्याच योग्यतेचे होते, असा एक समज रूढ आहे. मराठी ग्रंथांचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. अत्यंत मोलाचे ग्रंथ शेकडो वर्षे अंधारात राहिले आहेत. ते पुन्हा उजेडात आले ते स्वतःच्या गुणांमुळे नव्हे. कोणीतरी ते जपून ठेवले आणि कोणीतरी ते शोधले, म्हणून आले. याची उदाहरणे शोधण्यास फार दूर जावयास नको. पहिले उदाहरण आपल्या विदर्भातीलच आहे.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, पडताळून गोळा केल्या. तोच 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ. परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली व पुढे आठवणीतून तिचे निरनिराळे पाठ तयार झाले, असे पंथाची परंपरा सांगते. आपले ग्रंथ परक्या हाती पडू नयेत म्हणून पंथीयांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परिणाम दुहेरी झाला. विदर्भापासून थेट पंजाब-पेशावरपर्यंतच्या मठांत हे ग्रंथ सुरक्षित राहिले हे खरे. पण इतर मराठी जनांना ते वाचताच येत नसल्यामुळे पंथाविषयी नाना प्रकारचे गैरसमज पसरले. जे वाचता येत नाही त्याविषयी वाईटच बोलले जाते, हा जगाचा रिवाजच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीची किल्ली शोधून काढली. काही महंतांनीही उदार मनाने आपल्या पोथ्या अभ्यासकांना दाखविल्या. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ लिहून या भांडाराची ओळख करून दिली. आपल्या नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून 'लीळाचरित्रा'चे भाग छापले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्यांचे पाठ ताडून पाहून १९७८ साली त्याची बृहत् आवृत्ती सिद्ध केली. याच उत्खननातून 'धवळे' रचणारी महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री सर्वांना माहीत झाली. सुमारे सहाशे वर्षे जो ठेवा कुलुपात होता, तो आज शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे, आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या अनामिक भिक्षूंनी व वासनिकांनी पोथ्यांची बासने पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांच्यावाचून यातले काहीही घडले नसते.

दुसरे उदाहरण कोकणातले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे कर्जाने गांजलेले गरीब भिक्षुक. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार व मोठी दक्षिणा मिळणार, असे ऐकून ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. लुटले गेले, उपाशी राहिले, जीव वाचवीत हिंडले. तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले व आईबापांना गंगास्नान घातले. १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ही सारी हकीकत लिहून काढली. सत्तावनच्या रणधुमाळीची मराठीत लिहिलेली अशी प्रत्यक्षदर्शी कहाणी दुर्मिळ होय.

परंतु हे हस्तलिखित वीस वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. वैद्यांनी ते १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापले, तेही काटछाट करून व भाषा बदलून. सरकारी रोषाचे ते दिवस होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. वैद्यांचे आपल्यावर दुहेरी ऋण आहे : त्यांनी हकीकत लिहवून घेतली, आणि ती बदलून छापली तरी मूळ कागद फेकून दिले नाहीत. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचले. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली त्यावरून मूळ संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा विष्णुभटांचा खरा आवाज महाराष्ट्राने प्रथम ऐकला. छापील पुस्तक घरात आहे म्हणून जुने हस्तलिखित निरुपयोगी झाले असे मानू नये, हा यातला धडा आहे.

तिसरे उदाहरण पुन्हा आपल्या वऱ्हाडातले, आणि माझ्या मते सर्वांत विचार करावयास लावणारे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या. बापूजी सरकारी कचेरीत कारकुनी करीत व सत्यशोधक विचारांचे होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ती ताराबाईंना सहन झाली नाही. जे दोष बाईच्या माथी मारले जातात ते पुरुषांत अधिक नाहीत काय, असा रोखठोक सवाल करणारे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक त्यांनी १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

पुस्तकाचे स्वागत झाले नाही, निंदा मात्र झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, हा एक अपवाद. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे आढळत नाही. पुढे वाङ्मयाच्या इतिहासातून त्यांचे नावच पुसले गेले. तब्बल ९३ वर्षांनी, १९७५ साली, स. गं. मालशे यांनी हे पुस्तक शोधून पुन्हा प्रकाशित केले. १९९४ साली रोझलिंड ओ'हॅन्लन या विदुषीने त्याचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले व बुलढाण्याच्या या बाईचे नाव सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठांत पोचले. वाचकहो, जरा विचार करा. पाचशे प्रती शंभर वर्षांत किती घरांतून चुलीत गेल्या असतील? त्यातली एकही उरली नसती, तर स्त्रियांच्या बाजूने एवढ्या निर्भयपणे लिहिणारी लेखिका आपल्या वऱ्हाडात होऊन गेली, हे आपल्याला कधीच समजले नसते.

कादंबरीच्या क्षेत्रातही हेच दिसते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) हिचे नाव घेतले जाते. यमुना व तिचा पती विनायक हे प्रवास करतात व वाटेत त्यांना विधवांची दुःखे दिसतात, असे तिचे कथानक आहे. लेखकाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असल्यामुळे प्रचाराचे पुस्तक म्हणून ती पुष्कळ काळ बाजूला सारली गेली. काशीबाई कानिटकर या शाळेची पायरी न चढता लग्नानंतर घरीच लिहावाचावयास शिकल्या. त्यांनी १८८९ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, तर १९२८ साली 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी. एका कल्पित संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती आला तर काय काय घडेल, याचे चित्र तीत आहे. काशीबाईंच्या लेखनाकडे पुन्हा लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. मीरा कोसंबी यांचे. खेड्याविषयी म्हणाल तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) प्रत्येक ग्रामीण कुटुंबाने वाचावा. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते, सण, कर्ज, कज्जे यांचे महसूल खात्यात राहून जवळून पाहिलेले असे वर्णन अन्यत्र क्वचितच मिळेल. आचार्य अत्रे सर्वांना ठाऊक. हे दुसरे आत्रे फार थोड्यांना.

आता कोणी विचारील, विसरलेले पुस्तक शोधावे तरी कसे? याची वाट काही थोर मंडळींनी पूर्वीच आखून ठेवली आहे. शंकर गणेश दाते यांनी आयुष्य वेचून 'मराठी ग्रंथसूची' तयार केली. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील, व १९६१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे. आपल्या हाती आलेले पुस्तक कोणाचे व कधीचे, हे तीवरून कळते. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व अन्य ठरावीक ग्रंथालयांत प्रत पाठवावी लागते. जुन्या नियतकालिकांचे अंकही पाहावेत. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला, म्हणूनच आज तो आपल्याला वाचता येतो. तिचे पुस्तक निघाले नव्हते. अंक जपला गेला, म्हणून मुलगी जगली.

तथापि सूची व कायदे यांच्या जाळ्यातूनही पुष्कळ काही निसटते. गावातल्या छापखान्यात स्वखर्चाने छापलेले अभंग, एखाद्या जलशाची पदे, ज्ञातिसभेचे अहवाल, कीर्तनकाराची वही, आजीने लिहून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या. यांची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. नोकरीत असताना एका शाळेत निर्लेखनाचा ढीग माझ्या पाहण्यात आला. पाने कुरतडलेली, पुठ्ठा निघालेला, एवढ्या कारणावरून चाळीसेक पुस्तके बाद ठरली होती. त्यात 'गावगाड्या'ची एक जुनी प्रतही होती. परवानगी घेऊन मी ती रद्दीच्या भावाने विकत घेतली व शिवून घेतली. बाकीची कबाड्याच्या हातगाडीवर गेली. त्यात काय होते, हे आता कोणालाही सांगता यावयाचे नाही.

हुडकेश्वरात राहणाऱ्यांना हे विशेष सांगावयास हवे असे नाही. पूर्वी जिथे तूर व कापूस उभा राहत असे, तिथे आता लेआउट पडले आहेत. गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. जुने मातीचे घर पाडून स्लॅबचे घर बांधण्यास माझी मुळीच हरकत नाही. मुलाबाळांना हवेशीर खोल्या मिळाल्याच पाहिजेत. परंतु घर पाडण्याच्या आदल्या दिवशी माळा रिकामा होतो, आणि त्या एका दिवसात तीन पिढ्यांचा कागद कबाड्याकडे जातो. उधईने जे पन्नास वर्षांत खाल्ले नाही, ते आपण एका दुपारी गमावतो.

म्हणून मंडळाच्या सभासद कुटुंबांना काही सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. घरातील जुनी पेटी, फडताळ, देवघरातील बासन एकदा उघडून पाहावे. प्रत्येक पुस्तकाचे नाव, कर्ता, छापखाना, गाव, साल, किंमत व पाने एका वहीत उतरवावी. मुखपृष्ठ नसेल तर पहिल्या व शेवटच्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. सुती कापडात गुंडाळून वेखंड घालून कोरड्या जागी ठेवावे. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून फेकू नये; वाचणारा मिळेपर्यंत राखावा. अभ्यासासाठी मूळ कागद कोणास द्यावयाचा झाल्यास लेखी पोच घ्यावी. घरी सांभाळणे अशक्य असेल तर नागपुरात विदर्भ साहित्य संघ, विदर्भ संशोधन मंडळ यांसारख्या संस्था आहेत. त्यांच्याकडे चौकशी करावी. आणि घरातील बायकांच्या वह्या विशेष काळजीने पाहाव्यात, कारण त्याच आधी टाकल्या जातात.

पुढील वार्षिक संमेलनात प्रत्येक कुटुंबाने अशी एकेक यादी आणली, तर मंडळाच्या स्मरणिकेत ती छापता येईल. तीत एखादी ताराबाई सापडेलच असे नाही. शंभर घरांच्या याद्यांत कदाचित पंचांगे व क्रमिक पुस्तकेच अधिक निघतील. पण म्हाइंभटांची आठवण ज्यांनी राखली, त्यांनाही आपण काय राखीत आहोत याचा पूर्ण उमज होता असे नाही. ते बासन सोडीत, ऊन दाखवीत, पुन्हा बांधीत, आणि मुलाच्या हाती देत. एवढेच काम आपल्या वाट्याला आले आहे, व ते आपल्या कुवतीबाहेरचे नाही.