हाड सांधणारी मुळी



ज्याला वैद्याची पायरी चढणे परवडत नाही, त्याचा दवाखाना परसदारी असतो. आपल्याकडे हाड मोडले की कांडवेल वाटून बांधतात. तिला हाडजोडी म्हणतात ते उगाच नव्हे. युरोपातील शेतकऱ्याच्या परसात हेच काम कॉम्फ्री नावाची वनस्पती करीत आली. तिचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे. कारण लोकांच्या अनुभवाला काय कळते आणि काय कळू शकत नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट दिसतात.

कॉम्फ्री ही ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीत वाढणारी थंड हवेची वनस्पती. पाने रुंद व खरखरीत, फुले घंटेसारखी, मुळी बाहेरून काळी आणि आतून पांढरी, बुळबुळीत. ग्रीक वैद्यांनी तिला सिम्फायटम, म्हणजे 'एकत्र वाढविणारी', असे नाव दिले. इंग्रज खेडूत तिला हाड विणणारी म्हणत. मोडलेला अवयव सरळ करून त्यावर किसलेल्या मुळीचा लगदा थापीत. तो वाळून टणक होई आणि आजच्या प्लास्टरचे काम देई.

ह्या विद्येला छापील रूप देणाऱ्यांत निकोलस कल्पेपर ह्याचे नाव घेतले पाहिजे. लंडनच्या स्पिटलफील्ड्स वस्तीत तो गोरगरिबांना औषध देई. त्या काळी वैद्यांचा अधिकृत औषधिकोश लॅटिनमध्ये होता. कल्पेपरने १६४९ साली तो इंग्रजीत आणला आणि वैद्यांच्या मंडळाचा रोष पत्करला. १६५२ मध्ये वनस्पतींवरचा त्याचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्यात त्याने कॉम्फ्रीची स्तुती करताना हात राखला नाही. मांसाचे सुटे तुकडे हिच्याबरोबर शिजविले तर तेही जुळून येतात, इथपर्यंत त्याची मजल गेली. अतिशयोक्ती सोडून देऊ. ज्ञानाची कुलूपबंद पेटी त्याने लोकांसाठी उघडली, हे मोठेच काम झाले.

पुढे लोकांच्या ह्या अनुभवाला शास्त्राचाही दुजोरा मिळाला. १९१२ साली लिव्हरपूलचे डॉक्टर चार्ल्स मॅकॅलिस्टर ह्यांनी कॉम्फ्रीच्या मुळीतील अ‍ॅलन्टॉइन ह्या द्रव्याकडे लक्ष वेधले. नव्या पेशींच्या वाढीला ते साहाय्य करते. खेडूत आजीबाई शतकानुशतके जे सांगत होत्या, त्याला आता रसायनशास्त्राचे नाव मिळाले.

लागवडीची कथा तर आणखी गमतीची आहे. एसेक्स परगण्यातील हेन्री डबलडे (१८१०–१९०२) ह्या क्वेकर पंथीय गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियाहून कॉम्फ्रीची रोपे मागविली, ती टपालाच्या तिकिटांना लावण्याचा गोंद करण्यासाठी! गोंद काही जमला नाही. पण पीक असे फोफावले की त्याने उरलेले आयुष्य तिच्या अभ्यासात घालविले. आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ त्याच्या मनात घर करून होता. भुकेल्याला आधार देणारे पीक त्याला हवे होते. विसाव्या शतकात लॉरेन्स हिल्स ह्यांनी बॉकिंग गावी संस्था काढली, तिला डबलडेचेच नाव दिले, आणि बी न धरणारा 'बॉकिंग १४' हा वाण निवडला.

ही वनस्पती लावावयाची ती मुळीच्या तुकड्यापासून. दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर ठेवून. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी, कारण मातीत राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. जम बसला की वर्षातून तीन-चार वेळा पाला कापता येतो. तो पोटॅशने समृद्ध असतो; बटाट्याच्या सरीत घालावा, वा पाण्यात कुजवून ते पाणी झाडांना द्यावे. वास मात्र सहन करावा लागतो!

आता दुसरी बाजू. लोक कॉम्फ्री अंगाला लावीत, तसाच तिचा काढा पीत आणि कोवळी पाने भाजी म्हणून खात. १९७८ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की कॉम्फ्री खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी होतात. दोष पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाच्या विषांचा. ती यकृतातील बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतात. पाल्यापेक्षा मुळीत ती अधिक असतात. काढा आणि गोळ्या घेणारी काही माणसेही पुढे यकृताच्या विकाराने आजारी पडल्याचे आढळले. २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने पोटात घ्यावयाची कॉम्फ्री बाजारातून काढून घ्यावयास सांगितले.

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. ह्याच जातीच्या विषांनी १९७० नंतरच्या दशकात आपल्या देशात, सरगुजा जिल्ह्यात, आदिवासींचे बळी घेतले. त्यांच्या गोंदली ह्या भरड धान्यात तागाच्या कुळातील एका रानटी झाडाचे बी मिसळले होते.

मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला हे कसे कळले नाही? हाड काही आठवड्यांत सांधते. औषध आणि गुण शेजारी शेजारी उभे असतात. यकृत मात्र हळूहळू बिघडते, आणि दुखणे उघड होईपर्यंत काढ्याची कोणाला आठवणही नसते. मी कामगारांत वावरणारा माणूस आहे. खाणीत पायावर पडलेला दगड तत्काळ कळतो. छातीत साठलेली धूळ कळावयास वर्षे लागतात, आणि तोवर हजेरीपटावरचे नावही पुसलेले असते. सावकाश होणारी इजा एकट्यादुकट्याच्या नजरेस येत नाही. तिच्यासाठी नोंदी, मोजमाप आणि तपासणी लागते.

म्हणून नियम थोडके आणि स्पष्ट आहेत. कॉम्फ्री पोटात घेऊ नये. काढा नको, भाजी नको. उघड्या जखमेवर लावू नये. मुरगळ वा मुका मार असेल तर अखंड कातडीवर, तेही थोडे दिवस. जर्मनीतील दंडक वर्षातून चार ते सहा आठवड्यांचा आहे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले आणि यकृताचे रोगी ह्यांनी तिच्यापासून दूरच राहावे. फूल येण्यापूर्वी तिची पाने फॉक्सग्लोव्ह ह्या विषारी झाडाच्या पानांसारखी दिसतात; त्या घोटाळ्यात माणसे दगावली आहेत. आणि हाड मोडले तर आधी डॉक्टर!

ह्यावर कोणी म्हणेल, लोकांच्या हाती औषधविद्या देऊच नये. मला ते मान्य नाही. कल्पेपरने अर्धे ज्ञान लोकांच्या भाषेत आणले, कारण त्याच्या काळी तेवढेच होते. उरलेले अर्धे प्रयोगशाळांनी मिळविले आहे. तेही परसदारापर्यंत, मराठीत, आणि फुकट पोचले पाहिजे. गुण सांगणारा हजार तोंडांनी बोलतो, धोका सांगणाऱ्याला निदान एक तोंड तरी हवे.